थांबणे आणि टाळणे : हृदयालगतच्या निरुपद्रवी गाठीविषयी

माननीय नुअमान बिन बशीर (रजि.) यांनी कथन केलेल्या एका प्रसिद्ध हदीसमध्ये आदरणीय पैगंबर मुहम्मद (स.) यांनी हृदयाचे वर्णन शरीरातील मांसाचा एक गोळा असे केले आहे. तो नीट असेल तर सारे शरीर नीट राहते, तो बिघडला तर सारे बिघडते. विद्वानांनी या शिकवणीचा अर्थ प्रामुख्याने नैतिक घेतला असला, तरी या गोळ्याचे महत्त्व सामान्य माणसाच्याही मनात खोलवर रुजलेले आहे. म्हणूनच ‘हृदयाजवळ गाठ दिसते’ एवढे तीन शब्द कानी पडले की घरातील चूल थंडावते.

वास्तविक यातील पुष्कळ गाठी घाबरण्याजोग्या नसतात. हृदयाभोवती एक पातळ आवरण असते. गर्भावस्थेत ते घडत असताना त्याचा एखादा भाग वेगळा राहून जातो आणि पुढे त्याची पातळ भिंतीची, स्वच्छ पाण्यासारख्या द्रवाने भरलेली पिशवी होते. वैद्यकात तिला हृदयावरणाची सिस्ट म्हणतात. अंदाजे एक लाख माणसांत एखाद्याला ती आढळते. बहुतेकदा ती उजवीकडे, हृदय आणि श्वासपटल यांच्यामधील कोपऱ्यात असते. हा कर्करोग नव्हे. बहुसंख्य लोकांना तिचा काहीच त्रास होत नाही. क्षयाच्या शंकेने किंवा आखाती देशातील नोकरीसाठी छातीचा एक्स-रे काढला जातो आणि तिथे ती अकस्मात दिसते. सकाळपर्यंत निरोगी असलेला तरुण संध्याकाळी स्वतःला रोगी समजू लागतो.

सिरोंचासारख्या ठिकाणी हा प्रश्न अधिक अवघड होतो. प्राणहिता आणि गोदावरीच्या संगमाजवळचा हा तालुका जिल्ह्याच्या ठिकाणापासून दोनशे किलोमीटरहून दूर आहे. मोठ्या तपासणीसाठी कोणी चंद्रपूर-नागपूरची वाट धरतो, कोणी नदी ओलांडून मंचेरियाल, वरंगल किंवा हैदराबाद गाठतो. प्रत्येक फेरीत मजुरीचे दिवस बुडतात आणि उसनवारी वाढते. अशा वेळी घरात दोन मते पडतात. एक म्हणतो, शेत विकू, पण गाठ काढून टाकू. दुसरा म्हणतो, अल्लाहने दिली आहे, तोच पाहील, आता दवाखान्याचे नावही नको. दोघेही आपल्या म्हणण्याला दीनचा आधार देतात. म्हणून दीन याविषयी काय सांगतो, हे शांतपणे पाहिले पाहिजे.

पहिली गोष्ट म्हणजे उपचार करणे तवक्कुलच्या विरुद्ध नाही. पैगंबरांनी (स.) अल्लाहच्या दासांना उपचार करण्यास सांगितले आणि वार्धक्य वगळता प्रत्येक आजाराला औषध असल्याचे शिकविले. अबू दाऊद यांच्या संग्रहात आहे की माननीय सअद (रजि.) आजारी पडले, तेव्हा पैगंबरांनी (स.) त्यांच्या छातीवर हात ठेवला, दुखणे हृदयाचे आहे हे सांगितले आणि त्यांना सकीफ कबिल्यातील वैद्य हारिस बिन कलदा यांच्याकडे जाण्यास सांगितले. ज्यांच्या दुआपेक्षा मोठी दुआ नाही, त्यांनीही जाणकाराकडे पाठविले, हे ध्यानात घ्यावे.

दुसरी गोष्ट अशी की प्रत्येक उपचार सारख्याच दर्जाने आवश्यक नाही. इमाम गझाली (रह.) यांनी आणि पुढे फतावा आलमगिरीने हानी दूर करणाऱ्या साधनांचे तीन वर्ग केले आहेत. काहींचा गुण निश्चित असतो, जसे तहानेला पाणी आणि भुकेला भाकर. जीव जात असताना ती नाकारणे म्हणजे तवक्कुल नव्हे, ते निषिद्ध आहे. काहींचा गुण संभाव्य असतो. बहुतेक औषधे या वर्गात येतात. ती घेणे योग्य आहे, पण न घेणारा पापी ठरत नाही. काहींचा गुण केवळ कल्पनेतला असतो. अपस्माराने पीडित स्त्रीला पैगंबरांनी (स.) सब्र आणि बरे होण्याची दुआ यांतून निवड करू दिली होती, हेही आपण जाणतो.

आता ही कसोटी आपल्या प्रश्नाला लावू. सिस्ट लहान आहे, दम लागत नाही, छातीत दुखत नाही, आणि सीटी स्कॅन व हृदयाच्या सोनोग्राफीवरून निदान स्पष्ट झाले आहे. अशा वेळी डॉक्टर सहसा ठरावीक काळाने तपासणी करीत राहण्याचा सल्ला देतात. इथे शस्त्रक्रियेने मिळणारा लाभ थोडा आणि तिचा धोका व खर्च मात्र खरा. कुटुंबाला कर्जात लोटून ती करवून घेणे म्हणजे आजारावर नव्हे, भीतीवर उपचार करणे होय. परंतु सिस्ट वाढू लागली, हृदयावर किंवा फुप्फुसावर दाब आला, ताप किंवा धाप सुरू झाली, की प्रश्नाचे रूप पालटते. तेव्हा सुईने द्रव काढणे किंवा छातीत छोट्या छिद्रांतून दुर्बिणीने सिस्ट काढणे, हे मार्ग उपलब्ध आहेत. सुईने रिकामी केलेली पिशवी पुन्हा भरू शकते, हेही रुग्णाला आधी सांगितले पाहिजे. हृदय दाबले जाऊन जीव धोक्यात असेल, तर माझ्या मते हा उपचार तहानलेल्याच्या पाण्याजवळ जाऊन पोहोचतो.

घाईतही धोका असतो. कुत्रा व शेळ्यामेंढ्यांशी निगडित कृमीमुळे होणारी हायडेटिड गाठसुद्धा द्रवाने भरलेलीच दिसते. तिच्यात अनवधानाने सुई टोचली गेली, तर जिवावर बेतणारी तीव्र ॲलर्जी होऊ शकते. म्हणून आधी निदान, मग सुई. ज्ञान नसताना वैद्यकी करणाऱ्याला हदीसमध्ये नुकसानीस जबाबदार धरले आहे, त्यामागील शहाणपण इथे दिसते.

तेव्हा थांबणे आणि टाळणे यांतील भेद ओळखावा. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात, कारण दोन्हींत गाठ जागच्या जागी राहते. परंतु थांबणारा अहवाल जपून ठेवतो, पुढील तपासणीची तारीख लिहून ठेवतो, लक्षणे ओळखतो आणि त्या तारखेला निघतो. टाळणारा कागद पेटीत टाकून विसरतो आणि त्या विस्मरणाला तवक्कुल म्हणतो. उंट बांधून मग भरवसा ठेवण्याची शिकवण आपल्याला ठाऊक आहे. थांबणाऱ्याने उंट बांधलेला असतो, टाळणाऱ्याने नाही.

यात घरच्यांचेही कर्तव्य आहे. अहवाल रुग्णापासून लपवू नये. ज्याला आपल्या शरीराविषयी माहीतच नाही, तो ना सब्र करू शकतो, ना सावध राहू शकतो. गाठ हा शब्द गल्लीत फिरवून त्याच्या नोकरीच्या व विवाहाच्या वाटेत काटे पेरू नयेत, कारण रुग्णाची गोष्ट ही अमानत आहे. आणि जमातीने एवढे तरी करावे की पुढील तपासणीची फेरी केवळ भाड्याच्या पैशांअभावी चुकू नये. गरजू रुग्णाला जकातीतून साहाय्य देता येते.

अल्लाह आपल्याला भीतीत विवेक आणि स्वास्थ्यात कृतज्ञता देवो, आणि आपली हृदये देहानेही व ईमाननेही निरोगी ठेवो. आमीन.