ग्राहकाचा शब्द

वाचकहो, तंजावर हे नाव मराठी माणसाला परके नाही. भोसले घराण्याच्या त्या राजधानीत आजही डोलणाऱ्या बाहुल्या घडविल्या जातात. त्यांना भौगोलिक मानांकन लाभले आहे आणि आता त्या इंटरनेटवरील बाजारातून दूरदूरच्या घरी जातात. समजा, अशी एक बाहुली सुखरूप पोहोचली. परंतु घेणाऱ्याने ‘फुटकी आली’ असे कळवून, दुसऱ्याच फुटक्या बाहुलीचे छायाचित्र पाठवून पैसे परत मिळविले. बाहुली कपाटात आणि पैसेही खिशात! ‘कंपनी मोठी आहे, तिला काय कमी?’ अशी मनाची समजूत घालणेही सोपे असते. पण पुष्कळदा तो माल कंपनीचा नसून लहान विक्रेत्याचा असतो आणि नुकसान त्याच्याच पदरी पडते.

सारेच विक्रेते सचोटीचे नसतात, हे खरे. म्हणूनच २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्याला सदोष माल परत घेण्यास नकार देता येत नाही. परंतु हा हक्क अखेर ग्राहकाच्या शब्दावर उभा आहे. खोटी तक्रार करणारा केवळ पैसे घेत नाही. ज्याची वस्तू खरोखरच फुटली आहे, त्या पुढच्या ग्राहकाची पतही तो हिरावून घेतो. मग त्या निरपराध्याकडे संशयाने पाहिले जाते.

शब्दाची पत गेली की काय होते, हे तंजावराने पूर्वीच पाहिले आहे. हैदर अलीशी १७८०–८४ मध्ये युद्ध चालू असता किल्ल्यात अन्नाची टंचाई झाली. बाहेर धान्य होते. पण पूर्वी मोबदला बुडाल्यामुळे रयत ते आणण्यास बैल देईना. तेव्हा मिशनरी श्वार्ट्झ यांनी पैसे चुकते करण्याची हमी स्वतः घेतली. एक-दोन दिवसांतच हजार बैल मिळाले. सत्तेच्या वचनाने जे झाले नाही, ते एका विश्वासू माणसाच्या शब्दाने झाले.

नीतिसूत्रांचा विसावा अध्याय खोटी वजने वापरणाऱ्याचा निषेध करतो; पण मालाला नावे ठेवून, तो घेऊन गेल्यावर बढाई मारणाऱ्या ग्राहकालाही तो सोडत नाही. तराजूच्या दोन्ही बाजूंना माणसेच असतात.

तेव्हा वाचकहो, पुढच्या वेळी तक्रारीचा अर्ज भरताना, कोणी पाहत नसताही, आपण लिहीत आहोत ते खरे आहे काय, एवढे स्वतःला विचाराल ना?