शेवटचे गिऱ्हाईक

गेल्या दिवाळीत माझ्या तोंडून एक वाक्य गेले, आणि फराळाला बसलेला माझा थोरला भाऊ हातातली चकली खाली ठेवून माझ्याकडे पाहू लागला. वाक्य तसे नवे नव्हते. मधल्या सुट्टीत चहा घेताना आम्ही शिक्षक मंडळी ते एक दिवसाआड म्हणतो : ‘‘कर भरायचा पगारदारांनी, आणि सवलती घ्यायच्या इतरांनी!’’ शाळेत यावर माना डोलतात. पण इथे समोर दादा होता, आणि लासलगावजवळची आमची वडिलोपार्जित जमीन तो एकटा कसतो, हे मी बोलण्याच्या भरात विसरलो.

दादा काही बोलला नाही. देवळीतला पत्र्याचा डबा उघडून त्याने एक कागद माझ्यापुढे सरकवला. कांद्यावर करपा आला तेव्हा आणलेल्या बुरशीनाशकाची ती पावती. औषध १००० रुपये, वर १८ टक्के कर, म्हणजे १८० रुपये.

‘‘मास्तर, हे कुणी भरले?’’ त्याने विचारले.

मास्तर म्हटले की मला फळा दिसू लागतो. मी पावतीच्याच पाठीवर हिशेब मांडला. कारखान्याने औषध ठोक व्यापाऱ्याला ७०० रुपयांना विकले आणि त्यावर १२६ रुपये कर घेतला. व्यापाऱ्याने ते दुकानदाराला ८५० ला दिले, कर १५३. आधी दिलेले १२६ वजा करून त्याने सरकारात २७ भरले. दुकानदारानेही तसेच आणखी २७ भरले. बेरीज १८०. तिघांनी कर भरला खरा, पण कुणाच्याही खिशाला झळ लागली नाही. प्रत्येकाने आपापला वाटा पुढच्याकडून वसूल केला. मूल्यवर्धित कराची ही युक्ती फ्रान्समध्ये १९५४ साली मोरिस लोरे या अधिकाऱ्याच्या डोक्यातून निघाली. आपल्या महाराष्ट्रात ती २००५ च्या एप्रिलमध्ये आली, आणि २०१७ च्या जुलैपासून वस्तू व सेवा कराच्या रूपाने देशभर आहे. बोजा शेवटच्या गिऱ्हाइकाने उचलायचा, हे तिचे सूत्र.

‘‘म्हणजे शेवटचे गिऱ्हाईक मी?’’ दादा म्हणाला. ‘‘मी काय औषध पितो?’’

वहिनींनी हातातली परात जरा जोरातच खाली ठेवली. आमच्या भागात असला विनोद कुणी करीत नाही, आणि दिवाळीत तर नाहीच.

पण प्रश्न बिनतोड होता. औषध दादाने खाल्ले नाही, कांद्याने खाल्ले. आणि कांद्यावर कर नाही. करमुक्त म्हटले की आम्हांला वाटते, शेतकऱ्यावर केवढी मेहेरबानी! पण विकताना कर नाही, म्हणून खरेदीत भरलेला कर वजा करून घ्यायलाही जागा नाही. दुकानदाराला जे परत मिळते ते दादाला मिळत नाही. बरे, ते १८० रुपये कांद्याच्या भावात चढवावेत, तर लिलावात भाव बोलतो तो व्यापारी. दादा ट्रॉलीजवळ उभा राहून ऐकतो. तुटीच्या साली भाव चढतात तेव्हा त्यातले काही मुंबईच्या गृहिणीच्या पिशवीतून वसूल होतही असेल. पण मुबलक पिकाच्या साली सगळे दादाचेच.

म्हणजे कर कुणाच्या नावावर लिहिला आहे, याला फारसा अर्थ नाही. तो ज्याला पुढे ढकलता येतो तो ढकलतो, आणि ज्याला ढकलता येत नाही त्याच्यापाशी जाऊन बसतो. फिनलंडमध्ये २००७ साली केस कापण्यावरचा कर २२ टक्क्यांवरून ८ वर आणला. २०१२ साली तो पुन्हा २३ वर नेला. अर्थशास्त्रज्ञांनी भाव तपासले, तर कर चढल्यावर भाव जेवढे चढले त्या मानाने कर उतरला तेव्हा फारच थोडे उतरले होते. आमच्या न्हाव्याला हे सांगितले तेव्हा तो अगदी मनापासून हसला.

माझ्या पगारातून प्राप्तिकर कापला जातो. त्याचा कागद मला मिळतो, आणि त्या कागदाच्या जोरावर मी मधल्या सुट्टीत बोलतो. शाळेत झाडलोट करणाऱ्या बाई साबणाची वडी घेतात, तिच्यावरही कर असतो. २०२५ च्या सप्टेंबरात तो १८ टक्क्यांवरून ५ वर आला, इतकेच. वेष्टनावर एकच किंमत छापलेली असते, त्यात कर कुठे संपतो आणि साबण कुठे सुरू होतो हे दिसत नाही. आपण करदात्या आहोत असे त्या कधी म्हणालेल्या मी ऐकले नाही. आम्हीही त्यांना कधी तसे म्हटले नाही.

चहा आला. दादाने पावतीची घडी घालून ती पुन्हा डब्यात ठेवली.

‘‘परत तर काही मिळायचे नाही,’’ मी म्हणालो. ‘‘मग जपून कशाला ठेवतोस?’’

‘‘तू पुढच्या दिवाळीला येशील ना?’’ दादा म्हणाला, आणि राहिलेली चकली त्याने उचलली.