आंकड्यांची साक्ष

कागल तालुक्यांतील बिद्री हें गांव दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्यामुळें सर्वांस परिचित आहे. अशा गांवीं घर बांधणारा गृहस्थ पूर्वीं गवंड्यास विचारी, "वीट कशी आहे?" गवंडी दोन विटा एकमेकींवर वाजवी, नाद ऐके आणि उत्तर देई. आज त्या नादाच्या जागीं कारखानदाराचें पत्रक येत आहे. विटेंतून उष्णता किती वाहते, ती पाणी किती शोषते, ती तयार होतांना कर्बवायु किती सुटला, हें सारें त्यांत आंकड्यांनीं मांडलेलें असतें. पर्यावरणविषयक अशा निवेदनांसाठीं २००६ सालीं आयएसओ १४०२५ हें आंतरराष्ट्रीय मानक निघालें. भारतांत २०१८ च्या इको-निवास संहितेनें तर घराच्या छतांतून, दर चौरस मीटरमागें व दर अंश तपमानभेदामागें, १.२ वॉटपेक्षां अधिक उष्णता वाहूं नये अशी मर्यादा सांगितली.

मग पत्रक पाहून माल घेतला कीं बांधणाराचें कर्तव्य संपलें काय?

आम्हांस तसें वाटत नाहीं. आंकडा खरा असूनही अपुरा असूं शकतो. भिजलेली वीट कोरड्या विटेपेक्षां अधिक उष्णता वाहते; प्रयोगशाळेंत कोरडी तपासलेली वीट येथें पावसाळाभर ओल धरते. कर्बवायूचा हिशेब पुष्कळदां कारखान्याच्या फाटकाशींच थांबतो. माल बिद्रीस पोहोंचेपर्यंत जळलेलें तेल त्यांत धरलेलें नसतें.

कोणी म्हणेल, मग गवंड्याचा कानच बरा! हेंहि आम्हांस मान्य नाहीं. वीट नीट भाजली आहे कीं नाहीं हें कानास कळेल. पण तिच्या भट्टीचा धूर कानास ऐकूं येत नाहीं. तो धूर ज्यांना सोसावा लागतो ते शेजारी, आणि ज्यांना तापलेल्या जगांत राहावें लागेल तीं नातवंडें, या सौद्याच्या वेळीं हजर नसतात. त्यांच्या वतीनें बोलणारा साक्षीदार म्हणजे हा आंकडा होय. म्हणूनच त्याला हांकलून देणें हा अन्याय, आणि उलटतपासणीवांचून त्याच्यावर विश्वास ठेवणें हा आळस.

कोणीं मोजलें, कोणत्या स्थितींत मोजलें, हिशेब कोठें थांबला, हे तीन प्रश्न तरी विचारलेच पाहिजेत. घर उभें राहिल्यावर वैशाखांतील दुपारीं आंतील तपमान मोजावें, आणि अंदाज चुकला असल्यास तेंहि मोकळेपणानें सांगावें. पुढील बांधणारास त्याचाच अधिक उपयोग. साक्ष कितीहि चोख असो, निवाड्याची जबाबदारी साक्षीदारावर ढकलतां येत नाहीं.