कुंतीचा पान्हा

॥ जय जगदंब ॥

आजचं वाचन: महाभारत, वनपर्व, कुंडलाहरणपर्व (कर्णाच्या जन्माची कथा)

कर्णाची गोष्ट आपल्याला पाठ असते, निदान आपल्याला तसं वाटतं. कुंतीने मंत्र म्हणून पाहिला, सूर्य आला, मूल झालं, तिने ते नदीत सोडलं. झाली गोष्ट. पण वनपर्वातली कथा सावकाश वाचली की चार गोष्टी दिसतात, ज्या आपण सांगताना गाळून टाकतो.

पहिली गोष्ट, कुंती सूर्याला परत जायला सांगते. मी अजून बापाच्या घरी आहे, माझ्यावर माझ्या आईबापांचा अधिकार आहे, असं विनवते. तो जात नाही. उलट तिच्या वडलांना आणि मंत्र देणाऱ्या ऋषीला भस्म करण्याची भीती घालतो. ती पोर घाबरून हो म्हणते. मग सूर्य वर निघून जातो. खाली राहते ती एकटी कुंती.

दुसरी गोष्ट, एका दाईशिवाय हे कुणालाच माहीत नसतं. पेटी आणणं, तिला मेण लावणं, आत मऊ अंथरूण घालणं, रात्री नदीवर जाणं, सगळं त्या दाईच्या सोबतीने होतं. राजवाड्यात एवढी माणसं होती, पण तिच्या बाजूला उभी राहिली फक्त एक.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जड गेली. अश्वनदीच्या काठावर रडता रडता कुंती बाळासाठी देवांकडे रक्षण मागते आणि मग एका अनोळखी बाईला धन्य म्हणते. जी तुला मुलगा मानेल, जिच्या अंगावर तू दूध पिशील, जी तुला रांगताना पाहील, ती भाग्याची, अशा अर्थाचं ती बोलते. राधा तेव्हा तिला माहीतही नाही. जन्म देणारी आई वाढवणाऱ्या आईला आशीर्वाद देते आहे.

आणि चौथी गोष्ट, पुढे हेरांकडून तिला कळतं की मूल अंगदेशात अधिरथ सूताच्या घरी वाढतंय. म्हणजे ती विसरली नव्हती. शोध घेत होती.

आता सांगा मंडळी, "कुंतीने मूल टाकलं" हे वाक्य पुरेसं आहे का?

आपल्या भाषेत यासाठी तीन क्रियापदं आहेत. टाकणं, सोडणं आणि सोपवणं. तिन्हींत मूल एका हातातून जातं, पण टाकण्यात मागे वळून बघणं नाही, सोडण्यात नाइलाज आहे आणि सोपवण्यात समोर कुणाचे तरी हात आहेत. आजचा प्रश्न एवढाच आहे: एखाद्या आईने मूल दुसऱ्याच्या ओटीत घालणं हे सोपवणं केव्हा होतं? त्यात धर्म केव्हा असतो?

गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. त्यात जे मन मारून, क्लेशाने दिलं जातं ते सात्त्विक म्हटलेलं नाही. मूल ही काही वस्तू नाही, त्यामुळे दान हा शब्द इथे तसाही तोकडा पडतो. पण त्यातलं एक तत्त्व मला इथे लागू वाटतं. ज्याला ठेवून घेण्याची मोकळीक होती त्यानेच दिलं असं म्हणता येतं. ज्याला ठेवायची सोयच नव्हती त्याने दिलं नाही, त्याच्याकडून गेलं. म्हणून आईने मूल स्वखुशीने सोपवावं असं वाटत असेल, तर आधी तिला ते ठेवता येईल अशी परिस्थिती हवी. हे उलटं वाटेल, पण मला तरी दुसरी वाट दिसत नाही.

हे सगळं पुराणातलं आहे असं समजू नका. मी केळापूर तालुक्यातला माणूस. आमच्याकडे नवरात्रात केळापूरच्या जगदंबेला लोटणारी गर्दी ज्यांनी पाहिली असेल त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. आई, माय, जगदंबे, हाका थांबत नाहीत. आणि याच तालुक्यात, शेजारच्या झरी जामणी आणि मारेगावात, कोलाम पोडांवर ज्या मुलींना सगळे "कुमारी माता" म्हणतात, त्याही आयाच आहेत. कोलाम ही महाराष्ट्रातल्या तीन अतिअसुरक्षित आदिवासी जमातींपैकी एक. दुसऱ्या दोन कातकरी आणि माडिया गोंड. बाहेरून आलेल्या पुरुषांनी लग्नाचं आमिष दाखवलं, दिवस गेल्यावर ते दिसेनासे झाले, अशा हकिकती वर्षानुवर्षं वर्तमानपत्रांत येत आल्या आहेत. सूर्य वर निघून गेला, खाली कुंती राहिली. कथा काही फार बदललेली नाही.

पण एक फरक आहे. यातल्या कित्येक मुलींनी पेटी नदीत सोडली नाही. मूल पोटाशी धरलं, मजुरीला गेल्या, वाढवलं. म्हणजे जे राजकन्येला जमलं नाही ते पोडावरच्या पोरींनी करून दाखवलं. त्यांचं कौतुक कोण करतं? आपण त्यांना "समस्या" म्हणतो. समस्या तर निघून गेलेला माणूस होता!

ज्यांना खरंच शक्य होत नाही त्यांचं काय? इथे मला जोतीराव आणि सावित्रीबाई आठवतात. 1863 साली त्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. विधवेला दिवस गेले की तिच्यापुढे तेव्हा विहीर तरी होती नाहीतर बाळाचा गळा दाबणं. फुल्यांनी भिंतींवर पत्रकं लावली. त्यांचा आशय असा होता की इथे या, गुपचूप बाळंत व्हा. नंतर मूल घेऊन जायचं की इथे ठेवायचं ते तुमच्या मर्जीवर. ही मर्जी फार मोलाची आहे. दीडशे वर्षांपूर्वी, ज्या बाईला कसलीच मर्जी नव्हती तिला त्यांनी एक निर्णय परत दिला. 1874 मध्ये आधाराला आलेल्या काशीबाई नावाच्या विधवेचं मूल त्यांनी दत्तक घेतलं. तोच यशवंत पुढे डॉक्टर झाला आणि 1897 च्या प्लेगमध्ये सावित्रीबाईंसोबत रोग्यांची सेवा करत होता. 1875 मध्ये पंढरपुरात, विठुमाउलीच्या गावात, प्रार्थना समाजाचं बालकाश्रमही अशाच मुलांसाठी उभं राहिलं. माउली म्हणणं आणि माउलीसारखं वागणं यातलं अंतर त्या लोकांनी कमी केलं.

आज कायदाही हेच म्हणतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. 2015 च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे ज्या आईला मूल वाढवणं शक्य नाही ती जिल्ह्याच्या बालकल्याण समितीपुढे जाते. समितीने आधी तिचं म्हणणं ऐकायचं, समुपदेशन करायचं, मूल ठेवता येईल का ते तिच्यासोबत बघायचं. तरीही तिचा निर्णय तोच असेल तर सोपवणीचा लेख होतो. लग्नाचं जोडपं असेल तर दोघांच्या सह्या लागतात, अविवाहित आई असेल तर तिची एकटीची चालते. आणि त्यानंतर तिला 60 दिवस मिळतात. या साठ दिवसांत तिचं मन बदललं तर ती मूल परत मागू शकते. ते उलटल्यावरच समिती मूल दत्तकासाठी मोकळं जाहीर करते, मग ते केंद्रीय यंत्रणेतून प्रतीक्षेतल्या पालकांपर्यंत जातं. दत्तकाचा अंतिम आदेश 2022 च्या सप्टेंबरपासून न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात.

आम्ही सॉफ्टवेअरवाले कुठलाही मोठा बदल करताना मागे फिरायची वाट आधी लिहून ठेवतो. ती नसेल तर बदल करायला परवानगीच मिळत नाही. हे साठ दिवस वाचले तेव्हा मला वाटलं, कुणीतरी शहाण्या माणसाने ही वाट ठेवली आहे. पण सोबत हेही जाणवलं की ती नुसती कागदावर असून भागत नाही. पांढरकवड्याच्या पुढच्या एखाद्या पोडावरून समितीकडे यवतमाळला जायचं म्हणजे एसटीचं भाडं, एका दिवसाची मजुरी आणि सोबत येणारं माणूस, तिन्ही हवं. साठ दिवसांतले चाळीस दिवस तर ती बाळंतीण आहे, अंग भरून आलेलं, दूध उतरलेलं. तिला डिंकाचा लाडू कोण देतं? आईबाप तिच्यावर चिडलेले, गावाला तोंड कसं दाखवायचं या धास्तीत. त्यांच्याशी तरी कोण बोलतं? त्यांनाही कुणीतरी हवं असतं. लेकीचा राग करणारा बाप पुष्कळदा घाबरलेला बाप असतो.

उद्योगपर्वात कर्ण कृष्णाला सांगतो की मला बघताच राधेला पान्हा फुटला, तिने माझं हगणं-मुतणं काढलं, तिला मी कसा सोडू? हा प्रसंग वाचून डोळे भरतात. राधेचं ऋण मोठंच आहे. पण राधेच्या पान्ह्याबद्दल बोलताना कुंतीच्या पान्ह्याचं काय झालं, हे कुणी विचारत नाही. नदीवरून रिकाम्या हाताने परतलेल्या त्या पोरीचं दूध कुठे गेलं? माझ्या मते मूल सोपवणाऱ्या आईला आधार देणं म्हणजे हा प्रश्न विचारणं. मूल चांगल्या घरी गेलं म्हणजे काम संपलं, असं नाही.

इथे दोन आक्षेप येतात, दोन्ही रास्त आहेत.

पहिला असा: आईला मूल ठेवायला मदत करत बसलो तर वर्षानुवर्षं वाट बघणाऱ्या, रिकाम्या ओटीच्या जोडप्यांनी काय करायचं? त्यांचं दुःख खरं आहे. माझ्या ओळखीत अशी माणसं आहेत आणि त्यांच्या घरातली शांतता मी अनुभवली आहे. पण दत्तक ही पालकांना मूल मिळवून देण्याची सोय नाही, मुलाला घर मिळवून देण्याची आहे. राधा मूल शोधत कुणाच्या अंगणात गेली नव्हती. गंगेने आणलं ते तिने उचललं. एखाद्या आईच्या गरिबीचा फायदा घेऊन भरलेली ओटी सुखाची होईल असं मला वाटत नाही. म्हणूनच पैसे देऊन-घेऊन परस्पर मूल देणं हा गुन्हा आहे, त्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख दंड आहे. "एका ओळखीच्या नर्सकडून काम होतं" असं कुणी सांगितलं तर तिथून उठून यावं.

दुसरा आक्षेप गुप्ततेचा. हे सगळं झाकून ठेवावं की नाही? मला इथे दोन गोष्टी वेगळ्या दिसतात. एक तिची स्वतःची खासगी बाब, जी तिने ठरवायची. कायदा ती जपतो. मूल मोठं होऊन आपलं मूळ शोधायला आलं तरी, आईने नाव सांगू नका असं लिहून दिलं असेल तर तिच्या संमतीशिवाय ते सांगत नाहीत. दुसरी म्हणजे लोकांनी तिच्यावर लादलेली गप्प बसण्याची शिक्षा. कुंतीला ती आयुष्यभर भोगावी लागली. युद्ध संपल्यावर, तर्पणाच्या वेळी, तिने कर्ण आपला मुलगा होता हे सांगितलं. त्यावर युधिष्ठिराने काय केलं? समस्त स्त्रियांना शाप दिला की यापुढे त्यांच्या पोटात गुपित राहणार नाही. एवढं सोसल्यावर आईला मिळालं ते हे! आश्रमवासिकपर्वात, म्हातारपणी, वनात, ती अखेर व्यासांपुढे सगळं सांगते आणि व्यास तिला म्हणतात, तुझा यात दोष नाही. हे एक वाक्य ऐकायला तिला सगळा जन्म थांबावं लागलं. पहिल्याच रात्री त्या दाईसोबत आणखी कुणी ते म्हटलं असतं तर?

आपल्याला ते म्हणता येतं. आज संध्याकाळीसुद्धा.

म्हणून आजचा संकल्प थोडा व्यवहारी आहे. "टाकलेलं मूल" हे शब्द तोंडातून काढून टाकूया. ओळखीत कुणी अशा अडचणीत असेल तर 1098 हा नंबर सांगूया, यवतमाळपर्यंत सोबत जाऊया. मूल ठेवायचं ठरवलं तर राज्याची बालसंगोपन योजना आहे, तिच्यात अविवाहित आईचं मूलही बसतं आणि महिना 2250 रुपये मिळतात. अर्ज भरायला मदत करूया. जन्मदाखल्यावर बापाचं नाव नाही म्हणून कुणी अडवलं तर सांगूया की 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित आईला तिच्या प्रतिज्ञापत्रावर दाखला द्यायला सांगितलं आहे. आणि मूल सोपवायचं ठरवलं तर तिच्याकडे नंतरही जाऊया, महिन्याने, सहा महिन्यांनी. "कशी आहेस गं?" एवढं विचारायला फार ज्ञान लागत नाही.

आजची प्रार्थना:

आई जगदंबे, ज्यांच्या कुशीत लेकरं आली त्यांना सुखी ठेव. ज्यांच्या कुशीतून गेली त्यांना आधी जवळ घे. आम्हाला त्या दाईसारखं होता येऊ दे, रात्री नदीवर सोबत जाणारं. आणि जमलंच तर, नदीपर्यंत जायची वेळच येऊ न देणारं.

उदो गं अंबे, उदो.