अर्ध्या तासाचं मागणं

विठ्ठला, उद्या सकाळी वाचनालयाच्या सभागृहात टेबलं मांडायची आहेत. प्रत्येक टेबलाशी दोन खुर्च्या. एकीवर पुस्तक बसेल, दुसरीवर वाचक. दोघंही हाडामांसाची माणसं. पुस्तकांची नावं यादीत लिहून झाली आहेत: नैराश्य, बायपोलर, स्किझोफ्रेनिया, ओसीडी, आणि मुलाच्या आजारपणात म्हातारी झालेली एक आई. वाचकानं यादीतून नाव निवडायचं आणि अर्धा तास त्या माणसाला वाचायचं. दोन्ही खुर्च्या सारख्या उंचीच्या असतील, एवढं आम्ही बघू. पण त्यांवर बसणाऱ्यांना एकमेकांची उंची सारखीच दिसावी, हे आमच्या हातातलं नाही. त्यासाठी तुला हाक मारतो आहोत.

तुलाच मारतो, कारण तुला वाट पाहता येते. पुंडलिक आईवडिलांची सेवा करत होता, त्यानं वीट पुढे सरकवली आणि थांब म्हणाला. तू थांबलास. देव दारात आलाय आणि हा उठत नाही, म्हणून रागावला नाहीस. जनी दळायला बसली तेव्हा जात्याचा खुंटा धरलास, चोखोबाच्या घरी जेवायला बसलास. दुसऱ्याच्या अंगणात त्याच्या वेळेनं बसण्याची ही जी तुझी रीत आहे, तिचा थोडा अंश उद्या आमच्याकडे येऊ दे.

देवा, आधी उपकार मानतो. ज्या जखमेतून सूडच निघायचा, तिच्यातून तू हे माणसांचं वाचनालय काढलंस. 1993 साली कोपनहेगनमध्ये एका तरुणावर चाकूचे वार झाले. तो वाचला. त्याच्या मित्रांनी हिंसेविरुद्ध तरुणांची संघटना उभी केली, आणि 2000 सालच्या उन्हाळ्यात रॉसकिल्डच्या संगीत महोत्सवात रॉनी एबरगेल आणि त्यांच्या सोबत्यांनी पहिली ह्युमन लायब्ररी मांडली. चार दिवस, रोज आठ तास. ज्यांच्याविषयी लोक दुरूनच मत बनवून मोकळे होतात, अशी माणसं तिथे पुस्तकं होऊन बसली आणि हजारावर वाचकांनी त्यांना वाचायला घेतलं. आज ही रीत ऐंशीहून अधिक देशांत पोचली आहे. आपल्याकडे हैदराबादेत, मुंबईत 2017 साली असे मेळे भरले. मनाचे आजार हे ह्युमन लायब्ररीच्या यादीतलं एक नाव असतं; आम्ही उद्या फक्त तीच पुस्तकं मांडतो आहोत, कारण ती आमच्या गल्लीत सर्वांत जास्त आहेत आणि सर्वांत कमी उघडली जातात.

गॉर्डन ऑलपोर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं 1954 सालीच सांगून ठेवलं, की दोन प्रकारची माणसं नुसती शेजारी आणून बसवली तर पूर्वग्रह जात नाही. भेट बरोबरीच्या नात्यानं व्हावी लागते, दोघांचं मिळून काही काम लागतं, आणि भोवतालच्या व्यवस्थेनं त्या भेटीच्या पाठीशी उभं राहावं लागतं. जात्याच्या खुंट्यावर तुझा आणि जनीचा हात एकत्र पडला तेव्हा यातलं बरंचसं होऊन गेलं होतं. उद्या आमच्या टेबलांवर ते घडव.

आता एकेका पुस्तकासाठी मागतो.

नैराश्याला बळ दे. अंथरुणातून उठून दात घासायला जाणं हे अख्ख्या दिवसाचं काम कसं होऊन बसतं, हे त्याला सांगायचं आहे. समोरचा ‘जरा फिरून येत जा, बरं वाटेल’ असं म्हणाला, तर त्याला हसू येऊ दे. बायपोलरला त्याच्या तेजीच्या दिवसांबद्दल बोलता येऊ दे: न झोपता आखलेले बेत, भराभर काढलेली कर्जं, आणि त्यानंतर महिनोन्‌महिने न उचललेले फोन. लिथियमची गोळी चालू आहे, म्हणून ठरावीक काळानं रक्त तपासावं लागतं, हे ऐकून वाचकाच्या भुवया वर जाऊ नयेत. ओसीडीला सांगू दे, की गॅसचं बटण बंद दिसत असूनही हात पुन्हा तिकडे का वळतो. ती स्वच्छतेची हौस नव्हे, भीती आहे, आणि ही भीती खोटी आहे हे त्या माणसाला बहुतेकदा तुमच्याआमच्याइतकंच कळत असतं.

स्किझोफ्रेनियासाठी जरा जास्त मागतो. इतरांना ऐकू न येणारे आवाज आपल्याला ऐकू येतात, हे त्यानं सांगताच समोरची खुर्ची मागे सरकेल. ती धरून ठेव. गोळ्यांनी आवाज कमी झाले, पूर्ण गेले नाहीत, आणि त्यांच्यासकट तो बस पकडतो, दुकानाचा हिशेब लिहितो, भाचीला गणित शिकवतो, हे सगळं सांगून होईपर्यंत वाचकाला जागचं हलू देऊ नकोस. सिनेमात पाहिलेला सुरीवाला वेडा त्याच्या डोळ्यांपुढून पुसून टाक. सिनेमानंच दाखवायचं, तर ‘देवराई’तला शेष त्याला आठवू दे. 2004 सालचा तो चित्रपट ज्यांच्या धडपडीतून निघाला, ते डॉ. जगन्नाथ वाणी कॅनडात कॅलगरीला संख्याशास्त्र शिकवायचे. पत्नीच्या स्किझोफ्रेनियानं त्यांना या वाटेवर आणलं, आणि पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी राहिली. आजारी माणसाला शुभार्थी आणि त्याला सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणण्याचा प्रघात अशाच घरांमधून रुजला.

शुभंकरांना विसरू नकोस. ती आई टेबलाशी बसेल तेव्हा तिच्याकडून त्यागाची कहाणी ऐकायला लोक येतील. तिला खरं बोलू दे: कधी कधी तिला मुलाचा राग येतो, कधी रात्री दोन वाजता रिक्षात बसून कुठेतरी निघून जावंसं वाटतं, आणि आपल्यामागं याचं कोण करणार हा प्रश्न तिच्या जेवणाच्या ताटातही येऊन बसतो. तिला देवी करून कुणी उठून जाऊ नये.

आणि प्रत्येक पुस्तकाला मिटून राहण्याचा हक्क राहू दे. ‘याबद्दल आज नाही सांगणार’ असं म्हणताना त्याला संकोच वाटू नये. जीव नकोसा झालेल्या रात्रीविषयी कुणी खोदून खोदून विचारायला लागलं, तर आमच्या ग्रंथपालांना वेळीच मध्ये पडायची हिंमत दे. पुस्तक जसं नेलं तसंच परत करायचं, हा या वाचनालयाचा मुख्य नियम. त्यावर ओरखडा उठला, तर दिवस कितीही गाजला तरी आमचं काम फसलं असं आम्हाला वाटू दे.

वाचकांसाठी मागतो ते असं. त्यांचे प्रश्न भाबडे असतील: लग्न झालंय का, गोळ्या कधी सुटणार, घराण्यात कुणाला होतं का. असू देत. त्यांच्या पोटात भीती आहे, ती प्रश्न होऊन बाहेर पडली तर बरंच. पण सल्ला ओठांवर येईल तेव्हा तो अर्धा तास तिथेच अडकून राहू दे. कुणाच्या मावसभावाला कुठल्या काढ्यानं गुण आला, हे त्यांना नेमकं त्या वेळी आठवू नये. कीव करण्याचा मोह त्यांच्यापासून दूर ठेव. कीव आली की एक खुर्ची आपोआप उंच होते. समोरच्याचं बोलणं मध्येच थांबलं तर ती शांतता भरून काढायची घाई त्यांना होऊ नये.

आता थोडं भांडतो. पंढरीत भक्तानं तुझ्याशी भांडावं, हे तुला नवं नाही.

मनानं आजारी असलेल्यांना सर्वांत आधी आणतात ते तुझ्याच दारात. देवळात, दर्ग्यात, देवऋषीकडे. तुझ्या नावानं त्यांना धुरी दिली, मारलं, खांबाला बांधलं. तामिळनाडूत एरवाडीला दर्ग्याच्या आसऱ्यानं चाललेल्या एका झोपडीवजा निवाऱ्यात 6 ऑगस्ट 2001च्या पहाटे आग लागली. आतली माणसं साखळदंडांनी बांधलेली होती. 28 जण गेले. ती बरी होतील म्हणून घरच्यांनी तिथे आणून ठेवली होती, तुझ्यावर भरवसा टाकून. तू कुठे होतास, हे विचारल्यावाचून आम्हाला उद्याच्या कामासाठी तुझा आशीर्वाद मागता येत नाही.

तुझं उत्तर ऐकू आलं नाही. काही माणसांच्या हातून काही झालं, ते तुझ्या खात्यावर धरतो. महाराष्ट्रात 2013 साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला बांधून मारणं गुन्हा ठरलं. 2017च्या मानसिक आरोग्य कायद्यानं साखळीनं बांधायला बंदी केली, आणि आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरून चालावं, त्याला शिक्षा करू नये, असं म्हटलं. 2022 सालच्या 10 ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, टेली मानस ही सेवा सुरू झाली. 14416 हा क्रमांक फिरवला की पलीकडे ऐकणारं कुणीतरी असतं. यातल्या प्रत्येक गोष्टीसाठी कुणीतरी वर्षानुवर्षं खेटे घातले. त्यांचं पुण्य त्यांना पोचव.

पण साखळी तुटली म्हणून कुणी घरात घेतोच असं नाही. बंगळुरूच्या निम्हान्स या संस्थेनं 2015-16 साली देशभर पाहणी केली. तिच्यात दर शंभर प्रौढांमागे दहाहून अधिक जणांना त्या घडीला काही ना काही मानसिक आजार होता, आणि उपचारांवाचून राहिलेल्यांचं प्रमाण वेगवेगळ्या आजारांत सत्तर ते ब्याण्णव टक्के होतं. डॉक्टर कमी आहेत, हे कारण खरंच. पण शहरात, दवाखाना कोपऱ्यावर असतानाही, माणसं पायरी चढत नाहीत, कारण समोरच्या इमारतीतून कुणी पाहील. आमचा अर्धा तास गोळी देत नाही, निदान करत नाही. समोरच्या इमारतीतल्या त्या डोळ्यांतला धाक तेवढा कमी झाला, तर पुष्कळ झालं.

आम्हाला आमच्या यादीचं कौतुक होऊ देऊ नकोस. ज्यांना नीट बोलता येतं, जी बरीचशी सावरली आहेत, ज्यांना घरच्यांनी ‘जा’ म्हटलं, तीच माणसं उद्या पुस्तकं होतील. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी इथल्या मनोरुग्णालयांत कित्येक जण बरे होऊन बसले आहेत. त्यांना न्यायला कुणी येत नाही. आपलं नाव विसरून गाडीत बसलेली, कुठल्या तरी परक्या फलाटावर उतरलेली, भाषा न कळणाऱ्या शहरात कचऱ्याजवळ राहणारी माणसं आमच्या कुठल्याच कपाटात नाहीत. कर्जतला डॉ. भरत वाटवानी यांची श्रद्धा संस्था अशांना उचलून आणते, औषध देते, आणि नाव-गाव आठवलं की घरी पोचवते. 2018 साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांच्या गाड्यांना पेट्रोल कमी पडू देऊ नकोस. आणि दार वाजल्यावर, इतक्या वर्षांनी, आतल्या माणसाला कडी काढायची बुद्धी दे.

कडी म्हटल्यावर सांगावंच लागतं. देवा, उद्याच्या कार्यक्रमापेक्षा मोठं मागणं उद्या संध्याकाळचं आहे. वाचक घरी परततील. परक्या माणसाला अर्धा तास मन लावून ऐकलं, म्हणून त्यांना हलकं वाटत असेल. आणि त्यांच्यातल्या कुणाच्या तरी घरात मागच्या खोलीत एक भाऊ असेल, नाहीतर आत्या, नाहीतर नोकरी सोडून आलेली मुलगी. तिचं ताट खोलीत नेऊन दिलं जातं. पाहुणे आले की तिचं दार ओढून घेतात. बहिणीला स्थळं येतात तेव्हा बायोडेटात तिचा उल्लेख नसतो. त्या वाचकाला तिच्यासमोर बसव. तिथे ग्रंथपाल नसेल, नियमांचा कागद नसेल, वेळ संपल्याची घंटा नसेल. मागची दहा वर्षांची भांडणं दोघांच्या मध्ये असतील. परक्याला विचारलेले प्रश्न तिला विचारणं त्याला फार जड जाईल. तो पहिल्यांदा चुकीचंच काहीतरी बोलेल, ती उत्तर देणार नाही. दुसऱ्या दिवशीही त्याला तिथे जावंसं वाटू दे. आणि ती बोललीच, तर तिला डॉक्टरकडे नेताना सोबत जायला घरातलं कुणीतरी मोकळं असू दे.

शेवटी आमचं स्वतःचं. आम्ही टेबलं मांडणारे, नावं लिहून घेणारे, घंटा वाजवणारे. आम्ही कायम याच बाजूला राहू, अशी हमी तू कुणालाच दिलेली नाहीस. आमच्यापैकी कुणाची झोप कधी उडेल, कुणाचं मन कधी फिरेल, तुलाच ठाऊक. ती वेळ टळावी असं मागत नाही. टळली तर तुझी कृपा. मागतो ते एवढंच: तेव्हा लपवावं लागू नये. औषध वेळेवर सुरू व्हावं आणि ते परवडावं. रजेच्या अर्जावर आजाराचं खरं नाव लिहिता यावं, आणि परत कामावर गेल्यावर आमचं टेबल आमचंच असावं. आणि उद्या आम्ही ज्यांना ऐकायला बसणार आहोत, त्यांच्यापैकी कुणाला सवड असली, तर त्या दिवशी आमच्यासमोरच्या खुर्चीवर त्यालाच पाठव. त्याला यातलं आमच्यापेक्षा जास्त कळतं.