मैत्री ठरवून होते काय?

मैत्री आपोआप जुळावी, ती ठरवून करू नये, असा पुष्कळांचा समज आहे. मने जुळावयाची असली तर जुळतात. त्यासाठी वार नेमणे, घर ठरविणे, माणसे मोजून बोलाविणे हे सारे कृत्रिम होय, असे ते म्हणतात. एखाद्या गावी तरुण उपदेशकाने, दर गुरुवारी दहाबारा जणांनी एकत्र बसून एकमेकांचे सुखदुःख ऐकावे, अशी सूचना केली म्हणजे वडील मंडळी हसतात व विचारतात, "आम्ही एका गावात जन्मलो, एका विहिरीचे पाणी प्यालो, आम्हांला ओळख करून घेण्यासाठी सभा कशाला पाहिजे?"

ही शंका हसण्यावारी नेण्यासारखी नाही. तीत सत्याचा अंश आहे. प्रीती हुकमाने उत्पन्न होत नाही, आणि हजेरीपटावर नाव लागले म्हणजे मन लागते असेही नाही. तथापि वडिलांच्या उत्तरातील एक गोष्ट आम्हांला तपासून पाहावीशी वाटते. एका गावात जन्मलेली सर्व माणसे खरोखरच एका विहिरीचे पाणी पीत होती काय? ज्यांच्या वाडवडिलांना विहिरीपासून दूर उभे राहून, कोणी दया करून वरून पाणी ओतील काय, ह्याची वाट पाहावी लागली, त्यांना ह्याचे उत्तर सांगावयास नको. महाडचे चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव तेथील नगरपालिकेने १९२४ साली केला होता. परंतु त्या ठरावाने कोणाची तहान भागली नाही. त्या तळ्याची ओंजळ घेण्यासाठी १९२७ च्या मार्च महिन्यात डॉ. आंबेडकरांसह हजारो माणसांना ठरवून, जमून, रांगेने चालत जावे लागले; आणि त्यानंतर त्यांना मारही खावा लागला. जे आपोआप घडते असे आपण म्हणतो, ते कोणासाठी आपोआप घडते, हा प्रश्न म्हणून आधी विचारला पाहिजे.

वाचकहो, मैत्री तिच्या मर्जीवर सोडली तर ती कोणीकडे जाते, हे आपण रोज पाहतो. ती भावकीत जाते, जातीत जाते, बरोबरीच्या पैशात जाते, ज्याच्याकडून काही काम होण्याजोगे असते त्याच्या ओटीवर जाते. पाणी उताराने वाहते, त्यात पाण्याचा दोष नाही. परंतु उताराला नसलेल्या शेताला पाणी हवे असेल तर पाट काढावाच लागतो. वस्तीच्या टोकाला राहणारी विधवा, मुलांनी शहरात गेल्यावर मागे टाकलेला म्हातारा, नवीनच गावात आलेले साखर कारखान्यावरचे मजूर कुटुंब, ह्यांच्याकडे मैत्री आपोआप कधी जाणार? त्यांच्यासाठी वार नेमणे व जागा राखून ठेवणे ह्याला कृत्रिमपणा म्हणणे योग्य नाही. ते प्रीतीचे पहिले कृत्य होय. कारण आपल्या मनाची ओढ ज्याच्याकडे नाही, त्याच्याकडे पाय आधी गेले पाहिजेत, आणि मन मागून येते.

मन मागून येते, हे आम्ही केवळ बोलण्याकरिता म्हणत नाही. ग्रीक तत्त्ववेत्ता अॅरिस्टॉटल याने आपल्या नीतिशास्त्रावरील ग्रंथात मैत्रीचे तीन प्रकार सांगितले आहेत: एक उपयोगासाठी असते, दुसरी सुखासाठी, आणि तिसरी परस्परांच्या चांगुलपणावर उभी असते. ही तिसरी विरळा होय, व तिला काळ लागतो, असे तो म्हणतो. आणि मापभर मीठ संगतीने खाल्ल्यावाचून माणसे एकमेकांना ओळखीत नाहीत, अशा अर्थाच्या एका लोकोक्तीची तो आठवण देतो. आपल्या भाषेत मिठाला जागणे म्हटले म्हणजे धन्याचे ऋण आठवते, देणारा वर व खाणारा खाली. त्या लोकोक्तीतले मीठ मात्र एका पंगतीला बसणाऱ्या दोघांचे आहे. चिमूटचिमूट करून मापभर मीठ संपावयाचे तर जेवणे शेकडो व्हावी लागतात. वर्षातून एकदा सणाला भेटून ते संपत नाही. आणि सकाळी उठून मोबाईलवर फुलांची चित्रे धाडल्याने तर त्यातला खडाही विरघळत नाही.

नेमलेल्या भेटीतून काय निघू शकते, ह्याचे एक उदाहरण सांगण्यासारखे आहे. इंग्लंडातील ब्रिस्टल शहरी १७४२ सालच्या फेब्रुवारी महिन्यात जॉन वेस्ली यांच्या मंडळीतील काही जण एकत्र बसले होते. विषय मैत्रीचा नव्हता, कर्जाचा होता. इमारतीचे देणे फेडावयाचे होते. एकाने सुचविले की प्रत्येकाने आठवड्यास एक पेनी द्यावी. दुसरा म्हणाला, पुष्कळ जण इतके गरीब आहेत की त्यांना तेवढेही देववणार नाही. तेव्हा पहिल्याने उत्तर दिले की, सर्वांत गरीब अशी अकरा माणसे माझ्याकडे लावून द्या. त्यांना देववले तर ठीक, नाहीतर त्यांचे मी भरीन. ह्याप्रमाणे मंडळीचे बाराबारांचे गट झाले, व गटाचा पुढारी दर आठवड्यास घरोघर जाऊ लागला. पेनीसाठी दार ठोठावता ठोठावता त्याला दाराआडचे दिसू लागले: कोठे भांडण, कोठे दारू, कोठे आजार. पुढे घरोघर जाण्यास वेळ फार लागे. कित्येक जण दुसऱ्यांच्या घरी चाकरीस असल्यामुळे तेथे मोकळेपणाने बोलता येत नसे. आणि दोघांतला गैरसमज समोरासमोर आल्यावाचून मिटत नसे. म्हणून प्रत्येक गटाने आठवड्यातून एकदा एके ठिकाणी जमावे असे ठरले. कर्ज फेडण्यासाठी काढलेल्या युक्तीतून माणसे एकमेकांचा भार वाहू लागली.

आपल्याकडील भगिनींना ही गोष्ट परकी वाटणार नाही. १९९२ साली नाबार्डने बचत गटांना बँकेशी जोडण्याचे काम हाती घेतले, तेव्हापासून खेडोपाडी दहा ते वीस बाया नेमलेल्या दिवशी जमतात, ठरलेली रक्कम टाकतात, व वहीत नोंद होते. जेथे वही मिटल्यावर बाया लगेच उठत नाहीत, तेथे त्या वहीतून पैशापेक्षा मोठे काही निघते. ह्या महिन्यात हिचा हप्ता का आला नाही, हा एकच प्रश्न दोन तऱ्हांनी विचारता येतो. एक तऱ्हा सावकाराची, व दुसरी बहिणीची. शब्द तेच असतात. परंतु ऐकणारीला दोहोंतील भेद तत्काळ कळतो.

येथवर आम्ही नेमलेल्या सभेची बाजू मांडली. आता तिच्यातील धोका सांगितला पाहिजे. एकत्र येणे व एक होणे ह्यांत अंतर आहे. इरावती कर्वे यांनी पंढरीच्या वाटेवर एका दिंडीबरोबर चालताना जे पाहिले ते आपल्या 'वाटचाल' ह्या लेखात लिहून ठेविले आहे. वाट एक, देव एक, मुखी अभंग तेच. परंतु ब्राह्मण व मराठा यांचे जेवण वेगळे. बाईंना हे सोसवेना, व त्या मराठा बायकांच्या पंगतीला बसून जेवल्या. त्यानंतर त्या बायका अधिक जवळ आल्या, हात धरून चालू लागल्या, घरची हकीकत सांगू लागल्या, व त्यांना ताई म्हणू लागल्या. शेवटी कोणी म्हणाल्या की आम्ही पुण्यास तुमच्या घरी येऊ. तेव्हा एका तरुण मुलीने विचारले की, तेथेही तुम्ही आमच्याशी अशाच वागाल काय? हा साधा प्रश्न बाईंच्या जिव्हारी लागला.

आमच्या मते नेमलेल्या मैत्रीची सर्व परीक्षा ह्या मुलीच्या प्रश्नात आहे. सभा खरी की खोटी, हे सभेत कळत नाही. ते सभा सुटल्यावर कळते. गुरुवारी ज्याला आपण भाऊ म्हटले, तो रविवारच्या बाजारात आपल्या श्रीमंत पाहुण्यांसमोर भेटला असता आपण त्याला ओळख देतो काय?

ही परीक्षा थोरामोठ्यांनाही अवघड गेली आहे. मुंबईत १८४९ साली दादोबा पांडुरंग व त्यांच्या स्नेह्यांनी परमहंस सभा काढली. जातिभेद मोडावा हा तिचा हेतू होता, व नवीन सभासदाला ख्रिस्ती मनुष्याने भाजलेला पाव सर्वांसमक्ष खावा लागे. त्या काळी हे लहान धैर्य नव्हते. परंतु ते सर्वांसमक्ष म्हणजे दार लावून आत बसलेल्या सर्वांसमक्ष; सभा गुप्त होती. १८६० च्या सुमारास सभेचे कागद चोरीस गेले, सभासदांची नावे बाहेर फुटण्याचा प्रसंग आला, आणि ती सभा मोडली. त्याच मंडळींपैकी कित्येक पुढे १८६७ साली स्थापन झालेल्या प्रार्थना समाजात उघडपणे जमू लागले. त्या तरुणांस भित्रे म्हणण्याचा अधिकार आम्हांस नाही. प्रेषित पेत्रही अंत्युखियात परराष्ट्रीयांच्या पंक्तीला जेवत असता, यरुशलेमेकडील माणसे आली तशी भिऊन बाजूला झाला, व पौलाने त्याला तोंडावर दोष दिला, हे आपण गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात वाचतोच. पाहणारे कोणी नसताना पंगत सोपी असते. पाहणारे आले म्हणजे तिची किंमत पडते, आणि ती किंमत देण्याची तयारी म्हणजेच मैत्री.

असे आहे तर आपल्या गावी बसावे कसे? आम्हांला जे सुचते ते थोडक्यात मांडतो. माणसे दहाबारांहून अधिक नसावी; कारण त्याहून अधिक झाली म्हणजे चार जण बोलतात व बाकीचे ऐकतात. वार एकच असावा, व तो पाऊस आला किंवा पाहुणे आले म्हणून बदलू नये. घर मात्र बदलावे, आणि ज्याचे घर सर्वांत लहान त्याची पाळी पहिली असावी. जेवण सर्व घरी एकच ठरवावे, पिठले व भाकरी, त्याहून अधिक कोणी करू नये. हा नियम लहान दिसतो. परंतु एका घरी गोडधोड झाले की पुढच्या आठवड्यात गरिबाच्या घरी उसनवारी होते, आणि त्याच्या पुढच्या आठवड्यात तो गरीब येईनासा होतो. स्वयंपाकाचा भार एकट्या बायांवर पडू नये. नाहीतर पुरुषांची मैत्री ओट्यावर होईल व बाया चुलीशीच राहतील. पाणी आणणे, ताटे घासणे व मुले सांभाळणे ही कामे पुरुषांनी उचलावी.

उपदेशक बंधूंना आमची एक विनंती आहे. त्या दिवशी आपण उपदेश करू नये. आपणांस बोलण्याची सवय आहे, व लोकांना आपले ऐकण्याची. म्हणूनच त्या रात्री आपण शेवटी बोलावे. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारावा: मागील भेटीपासून आजवर तुमच्यावर कोणता भार पडला? उत्तर आल्यावर कोणी लगेच सल्ला देऊ नये; पुष्कळ वेळा माणसाला सल्ला नको असतो, साक्षीदार हवा असतो. तेथे ऐकलेली गोष्ट विहिरीवर किंवा पारावर निघाली, तर ती सभा त्याच दिवशी मेली असे समजावे. आणि कोणाची जागा रिकामी राहिली तर दुसऱ्या दिवशी सूर्य मावळण्यापूर्वी दोघांनी त्याच्या घरी जावे. का आला नाहीस, असे विचारण्यासाठी जाऊ नये. तुझी जागा रिकामी दिसली, एवढे सांगण्यासाठी जावे.

इतके करूनही मैत्री होईलच असे वचन आम्ही देत नाही. ब्रिस्टलचे ते गटही पुढे कित्येक ठिकाणी रूढीमात्र राहिले. माणसे नियमाने येत, ठराविक शब्द बोलत व उठून जात. पाट काढला म्हणून पाणी येतेच असे नाही, व काढलेला पाट दरसाल उपसला नाही तर गाळाने भरतो. परंतु पाटच काढला नाही, तर ते टोकाचे शेत कोरडे राहणार हे निश्चित आहे.

म्हणून, प्रिय वाचकहो, मैत्री ठरवून होते काय, ह्या प्रश्नाचे आमचे उत्तर असे की, मैत्री ठरविता येत नाही. तिच्यासाठी जागा ठरविता येते, आणि ती जागा कोणासाठी राखावयाची हेही ठरविता येते. ह्या आठवड्यात आपल्या वस्तीतील अशा एका घराचे नाव मनात आणा की ज्याच्या उंबऱ्यावर आपण वर्षभरात बसलो नाही. त्या घरी जा, पाणी मागून प्या, व आपल्या घरी येण्याचा वार त्यांच्याकडूनच ठरवून घ्या. मग बाजारच्या दिवशी ते माणूस समोरून येताना दिसले, तर आपल्याबरोबर कोणीही असो, त्याला नावाने हाक मारा.