पेटत नाही

मी सिगार ओढत नाही. एकदा ऑफिसच्या पार्टीत एकाने दिली, अर्ध्यातच डोळ्यांतून पाणी आलं आणि विषय संपला. तरीही माझ्या टेबलावर सिगार पेटवायचा एक जुना, महागडा लायटर आहे. तो मला कसा मिळाला हे मी मित्रांना बरेचदा सांगतो. सांगताना मी फार हुशार ठरतो. ज्या भागात मी हुशार ठरत नाही तो भाग आजवर गाळत आलोय. इथे तो घालतो.

गेली तीन वर्षं मी जिनिव्हात एका बँकेसाठी सॉफ्टवेअर लिहितो. गावाच्या मध्यावर प्लँपाले नावाचं तांबड्या मातीचं, शंकरपाळ्याच्या आकाराचं मोकळं मैदान आहे. तिथे बुधवारी आणि शनिवारी जुना बाजार भरतो. बुटांच्या जोड्या, दुसऱ्या कुणाच्या तरी लग्नाचे फोटो, चमचे, दिवे. परदेशात एकट्याने काढायच्या शनिवारांना असा बाजार फार उपयोगी पडतो. जुन्या वस्तू बघायच्या, घरी येऊन त्यांच्याबद्दल वाचायचं. वाचून वाचून मला लायटरचा नाद लागला, कारण मुठीत मावणाऱ्या वस्तूत इतकं यंत्र मला दुसरीकडे कुठे दिसलं नव्हतं.

एका शनिवारी सत्तरीच्या पुढच्या एक बाई टेबलावर कापड पसरून बसल्या होत्या. नेहमीच्या विक्रेत्या वाटत नव्हत्या. घर आवरायला काढलेलं दिसत होतं: टाय, कफलिंक्स, चष्म्याच्या रिकाम्या डब्या. त्यात एक काळवंडलेला चांदीचा ठोकळा होता. उचलला आणि वजनावरूनच कळलं. तळाशी बारीक अक्षरांत एस. टी. द्यूपाँ, पॅरिस, खाली क्रमांक. बाजूला कोपऱ्यात कुणाची तरी दोन आद्याक्षरं कोरलेली. मॉडेल 'लिन्य 2', म्हणजे 1977 नंतरचं. झाकण अंगठ्याने उघडलं आणि ते वाजलं. या लायटरचं झाकण उघडताना घंटेसारखा एक स्वच्छ आवाज येतो. त्या आवाजासाठी लोक पैसे मोजतात.

द्यूपाँ ही 1872ची फ्रेंच कंपनी. सुरुवात चामड्याच्या वस्तूंपासून, श्रीमंतांच्या प्रवासी पेट्यांपासून. लायटरकडे त्या 1941मध्ये वळल्या, आणि कंपनी सांगते त्याप्रमाणे निमित्त होतं पतियाळाच्या महाराजांची एक ऑर्डर. कारखाना फावेर्झ नावाच्या गावी, ॲनसीच्या पलीकडे. म्हणजे हा लायटर जन्मल्यापासून फार लांब गेलाच नव्हता. हे सगळं मला तिथे उभ्या उभ्या आठवत होतं. चालू स्थितीत असा लायटर तीनशे फ्रँकच्या आसपास जातो, बंद असला तर दोनशेच्या जवळ, हेही ठाऊक होतं.

बाई म्हणाल्या, "चाळीस."

मी चाक फिरवलं. ठिणगी नाही. गॅस अर्थातच नव्हता. त्यांनी विचारलं, "चांगला आहे का हो तो?"

माझं फ्रेंच यथातथाच आहे. पण त्या क्षणी अडचण भाषेची नव्हती. मी म्हणालो, "पेटत नाही, मादाम."

त्या म्हणाल्या, "मग तीस द्या." मी दिले.

पुढचे दोन आठवडे माझे दुरुस्तीत गेले आणि ते फार सुखाचे होते. आधी चकमक. लायटरमधली चकमक म्हणजे दगड नव्हे, सेरियम आणि लोखंड यांचा मिश्रधातू. 1903मध्ये कार्ल आऊअर फॉन वेल्सबाख या ऑस्ट्रियन रसायनतज्ज्ञाने काढलेला. वर्षानुवर्षं पडून राहिली की ती हवेतल्या ओलाव्याने फुगते, भुकटी होते आणि नळीत सिमेंटसारखी घट्ट बसते. बारीक ड्रिलचं पातं मशीनला न लावता बोटांत धरून, एका वेळी अर्धा मिलिमीटर, असं दोन संध्याकाळी कोरत बसलो. मग गॅस. ब्यूटेन शून्य अंशाच्या जराच खाली उकळतो, त्यामुळे खोलीच्या तापमानाला टाकीत हवेच्या साधारण दुप्पट दाब असतो. तो दाब अडवून धरायला धातू कामाचा नाही, रबराच्या इवल्याशा रिंगा लागतात. कॅन उलटा धरून गॅस भरला, लायटर पाण्याच्या ग्लासात बुडवला, तर तळाच्या स्क्रूपासून बुडबुड्यांची माळ. रिंग काढायला गेलो तर ती वाळलेल्या पापडासारखी तुटली. कॉलेजच्या पहिल्या वर्षी वर्कशॉपमध्ये धरला होता त्यानंतर पहिल्यांदाच व्हर्नियर हातात घेतला, मापं काढली, नायट्राइल रबराच्या रिंगा मागवल्या. पहिल्या मापात चुकलो. दुसऱ्यांदा बसल्या.

चांदी मात्र मी फार घासली नाही. मुलामा मायक्रॉनमध्ये मोजतात आणि दर पॉलिशमागे त्यातलं थोडं फडक्यावर येतं. कोरलेली अक्षरंही बोथट होतात. चकचकीत करण्याच्या नादात वस्तू झिजवायची आणि त्याला निगा म्हणायचं, हे मला पटत नाही.

तेराव्या दिवशी ज्योत आली. मऊ, पिवळी, डुलणारी. सिगारवाल्यांना अशीच लागते म्हणतात; पेट्रोलच्या लायटरचा वास पानात उतरतो, ब्यूटेनचा उतरत नाही. मी व्हिडिओ काढून घरच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "तीस फ्रँक! किंमत तीनशे!" बाबांनी अंगठा पाठवला. काकांनी लिहिलं, "आपला बंब आठवला."

आता बंबाचं सांगायला हवं. साताऱ्याजवळच्या आमच्या घरी आंघोळीचं पाणी तापवायचा तांब्याचा बंब होता. गीझर आल्यावर तो मागच्या पडवीत पडून होता. 2011मध्ये आजीने तो भंगारवाल्याला दिला. नऊ किलो भरला, तीन हजार आले, आजी खूश. पुढे मी पुण्यात शिकत असताना एका दुकानात तसाच बंब पाहिला, घासूनपुसून, आत मनीप्लांट लावलेला. चिठ्ठी अठरा हजारांची. तो आमचाच होता असं नाही. पण मी घरी फोन केला आणि काकांनी त्या भंगारवाल्याचा जो उद्धार केला तो इथे लिहिता येणार नाही. मीही त्यात सूर मिसळला होता. म्हातारीला फसवलं, हे आमच्या घरात ठरून गेलं.

खरं तर त्याने काय खोटं केलं? त्याचा काटा बरोबर होता. तांब्याचा भाव त्या दिवशीचा होता. आजीने त्याला विचारलं असतं, "याला आणखी कुठे भाव मिळेल का रे?" तर तो काय म्हणाला असता? बहुतेक म्हणाला असता, "गळतोय हो आजी." आणि तो गळत होताच.

काकांच्या मेसेजवर मी हसणारा इमोजी टाकला आणि मग बराच वेळ झोप लागली नाही.

हा प्रश्न माझ्या आधी दोन हजार वर्षं लोकांना पडलेला आहे. सिसेरोने इ.स.पू. 44मध्ये, अथेन्सला शिकणाऱ्या आपल्या मुलासाठी, कर्तव्यांवर एक पुस्तक लिहिलं. त्याच्या तिसऱ्या भागात एक व्यापारी आहे. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ; हा अलेक्झांड्रियाहून धान्याचं जहाज घेऊन येतो. मागून आणखी जहाजं येतायत हे त्याला माहीत आहे, बेटावरच्यांना नाही. सांगावं की गप्प राहून चढ्या भावाने विकावं? बॅबिलोनचा डायोजिनीस म्हणतो, लपवणं वेगळं आणि न सांगणं वेगळं. त्याचाच शिष्य अँटिपेटर म्हणतो, सांगितलंच पाहिजे. सिसेरो अँटिपेटरच्या बाजूने जातो.

मला डायोजिनीस आवडला. मी ज्या धंद्यात आहे तो त्याच्याच तत्त्वावर उभा आहे. दुसऱ्यापेक्षा आधी कळणं यालाच बँकेत काम म्हणतात, आणि ते थोडं आणखी आधी कळावं म्हणून मला पगार मिळतो. शिवाय लायटरबद्दलचं ज्ञान मला फुकट मिळालं नव्हतं. शेकडो रात्री वाचण्यात घालवल्या होत्या. त्याचा मोबदला का घेऊ नये?

मग मी गप्प राहणाऱ्यांच्या बाजूचा निकाल शोधला आणि तो मिळालाही. गंमत म्हणजे तो तंबाखूचाच. फेब्रुवारी 1815, न्यू ऑर्लिन्स. ब्रिटन आणि अमेरिका यांचं युद्ध संपल्याची बातमी ऑर्गन नावाच्या व्यापाऱ्याला भल्या सकाळी, गावाला कळायच्या आधी कळली. त्याने लगोलग लेडलॉ कंपनीकडून तंबाखूची 111 पिंपं घेतली. भाव वाढेल अशी काही बातमी आहे का, असं समोरच्याने विचारलंही होतं. नाकेबंदी उठणार म्हणताच भाव तीस ते पन्नास टक्के चढला. 1817मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती मार्शल यांनी सांगितलं, ऑर्गनवर ती बातमी सांगायचं बंधन नव्हतं.

मी खूश. पण तो निकाल जेमतेम एका परिच्छेदाचा आहे आणि त्याच्या शेवटाकडे मार्शल एक पाचर मारून ठेवतात: मात्र समोरच्याची दिशाभूल होईल असं काही बोलू नये की करू नये.

मी तर बोललो होतो. "चांगला आहे का?" याचं उत्तर "पेटत नाही" हे नव्हतंच. गप्प बसलो असतो तर त्यांना निदान शंका आली असती. मी खरं बोललो आणि त्या खऱ्याने शंकेची जागा भरून टाकली. हे मला खोटं बोलण्यापेक्षा वाईट वाटतं, कारण खोटं बोलताना निदान आपल्याला ते कळतं. इथे मी दोन आठवडे स्वतःला प्रामाणिक समजत रिंगा बसवत होतो. ती सगळी मेहनतसुद्धा मी हिशोबात माझ्या बाजूला मांडत होतो, जणू तेरा दिवसांच्या कष्टांमुळे पहिल्या दिवसाचा व्यवहार मागे जाऊन शुद्ध होतो.

सिसेरोच्या त्याच पुस्तकात एक खरेदीदारही आहे. स्केवोला नावाचा कायदेपंडित जमीन घ्यायला जातो, एकच किंमत सांगा म्हणतो. विकणारा सांगतो. स्केवोला म्हणतो, माझ्या मते ही जास्त किमतीची आहे, आणि वर एक लाख सेस्टर्स देतो. सिसेरो पुढे नोंदवतो, की हे सज्जनपणाचं होतं हे सगळे मान्य करतात, शहाणपणाचं होतं हे मात्र करत नाहीत.

बाई पुढच्या तीन शनिवारी दिसल्या नाहीत. खरं सांगायचं तर दर वेळी हायसं वाटलं. चौथ्या शनिवारी होत्या. टेबलावर आता बशा होत्या.

मी लायटर काढून दाखवला, पेटवला, आणि घोकून आणलेलं फ्रेंच म्हणून टाकलं. मला याची किंमत माहीत होती, तुम्ही विचारलंत तेव्हा मी सांगितली नाही. त्यांनी ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत, हसल्याही नाहीत. विचारलं, "कितीला जातो?"

"दोनशे," मी म्हणालो.

तोंडातून तोच आकडा बाहेर पडला. बंद लायटरला दोनशे, हा हिशोब बरोबरच होता. रिंगा माझ्या, गॅस माझा, संध्याकाळी माझ्या. पण त्यांनी 'बंद असताना' असं विचारलं नव्हतं आणि लायटर आमच्या दोघांच्या मध्ये पेटलेला होता.

"मग आणखी शंभर द्या," त्या म्हणाल्या.

मी दिले. त्यांनी नोट घडी घालून बिस्किटांच्या डब्यात ठेवली, मग हात पुढे केला. मी लायटर त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी झाकण उघडलं, मिटलं, परत उघडलं.

"फोनवर बोलताना तो सारखा हेच करायचा," त्या म्हणाल्या. "चाळीस वर्षं. डोकं उठायचं माझं."

लायटर माझ्या हातात परत देऊन त्या शेजारी बशी उलटी करून बघणाऱ्या मुलीकडे वळल्या आणि तिला किंमत सांगू लागल्या.